दुसरी सुई

भुलीच्या डॉक्टरांनी मला कामावर घेतलं ते माझ्या चेहऱ्यामुळे. त्यावर काही उमटत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकून मी यवतमाळला आई-वडिलांकडे परत आले होते. स्थळं पाहणं चाललं होतं, आणि बघायला येणारी माणसं हाच चेहरा पाहून नकार कळवत होती. मुलगी घुमी आहे, असं एका घरून सरळच सांगून आलं. घरात बसून राहण्यापेक्षा बरं म्हणून वडिलांनी त्यांच्या ओळखीच्या धर्मादाय हॉस्पिटलात शब्द टाकला. घाटंजीच्या रस्त्याला लागून ते हॉस्पिटल होतं. संध्याकाळी घरी आल्यावर आई मला मागच्या दारानं आत घ्यायची, आणि अंघोळ केल्याशिवाय कशाला हात लावू द्यायची नाही.

एकोणीसशे साठचं दशक नुकतंच लागलं होतं. भुलीचे डॉक्टर मद्रासकडचे. मराठी त्यांना मुळीच येत नव्हती, हिंदी जेमतेम. ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर एक नवं औषध आलं होतं आणि ते किती उपयोगी पडतं याचा अभ्यास त्यांनी हाती घेतला होता. बायकांशी मराठीत बोलेल आणि त्यांच्याशी इंग्रजीत, असं कुणीतरी त्यांना हवं होतं.

काम सोपं होतं. खोक्यातल्या बाटल्यांवर फक्त आकडे असत. काहींत नवं औषध, काहींत नुसतं सलाइन. कशात काय आहे हे नागपूरच्या एका प्राध्यापकांखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. ऑपरेशन झालेली बाई शुद्धीवर आली की तिला त्यातली एक सुई द्यायची. मग मी थोड्या थोड्या वेळानं तिच्या खाटेशी जायचं आणि एकच प्रश्न विचारायचा, किती दुखतं? उत्तरं चार. नाही, थोडं, बरंच, फार. शेवटच्या दोहोंपैकी एक उत्तर आलं तर कपाटातलं दुखणं थांबवणारं नेहमीचं औषध, पेथिडीन, लगेच मिळे. कुणाला तळमळत ठेवायचं नव्हतं, हे डॉक्टर मला पुन्हा पुन्हा सांगत, आणि ते खरंही होतं. मात्र मी हसायचं नाही, कपाळाला आठी घालायची नाही, उत्तर सुचवायचं नाही आणि पेथिडीनबद्दल अवाक्षर काढायचं नाही. तुमच्यावर हा अभ्यास चालू आहे, असं कुणी त्या बायकांना सांगितलेलं नव्हतं. तेव्हा तशी रीतच नव्हती.

पहिल्याच दिवशी मी एकीला विचारलं, आपल्याला कितपत वेदना होत आहेत? ती शेजारणीकडे वळली. "काय म्हनते वं हे?" शेजारीण म्हणाली, "दुखते का पुसते." त्यावर पहिली मला म्हणाली, "मंग तसं पुस ना माय. पोट फाडलं त दुखनच." टाक्यांवर हात दाबून धरत अख्खा वॉर्ड हसला. तेव्हापासून मी त्यांची पुसणारी बाई झाले.

पुढची अडचण सासवांची होती. सून पदर तोंडावर ओढून पडलेली आणि खाटेखाली बसलेली सासू उत्तर द्यायची, काही दुखत नाही तिले, चांगली जेवली. डॉक्टरांनी मग विचारायच्या वेळी नातेवाइकांना व्हरांड्यात पाठवायला सुरुवात केली. पण वॉर्डातल्या बाकीच्या बायकांना कुठे पाठवता येत नव्हतं. वॉर्ड म्हणजे एक लांबच लांब खोली होती. पेथिडीनचा ट्रे पांढरं फडकं झाकून या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा आणि सगळ्या जणी माना वळवून पाहायच्या. त्याला बायकांनी दुसरी सुई असं नाव ठेवलं होतं. जिनं ती घेतली तिची दिवसभर चेष्टा व्हायची, हिनं लेकरं कशी काढली असतीन, म्हणून. मी हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. ते हसले, आणि असं काहीतरी प्रत्येकच वॉर्डात असतं, म्हणाले.

ती आली तेव्हा पावसाळा संपत आला होता. आर्णीकडच्या एका गावची, माझ्याहून थोडी मोठी असेल. नवरा-बायको दोघंही रोजानं निंदण-वेचणीला जाणारी. तिच्या पोटात गोळा होता. नागपूरच्या बौद्ध दीक्षेनंतर त्यांच्या साऱ्या वस्तीनं घरातले देव नदीत सोडले होते. ती तेव्हा त्या घरात नवी सून होती, आणि देवीचा टाक पदरात घेऊन नदीवर तीच गेली होती. हे तिनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं, मी काहीही न विचारता. बहुतेक आधीच सांगून टाकलेलं बरं, असा तिचा हिशेब असावा.

तिच्या समोरच्या खाटेवर कळंबकडची, मोठ्या शेतीच्या घरातली एक बाई होती. पन्नाशीची, गर्भपिशवी काढलेली. ती दुष्ट नव्हती. घरून आलेल्या भाकरीतली चतकोर कुणाला ना कुणाला द्यायची, नवीन पोरींना धीर द्यायची. दुखायला लागलं की मात्र आपल्या देवीचं नाव घेऊन एवढ्या मोठ्यानं हाका मारायची की अंगणात ऐकू जावं. ही समोर आल्यावर तिनं आपला पाण्याचा गडू खिडकीकडच्या बाजूला सरकवून ठेवला. हिच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती हिला म्हणाली, "आमी आमच्या देवीले हाक मारतो. तू कोनाले मारशीन वं? देव त सारे बुडवले तुमी."

"कोनालेच नाही," ही म्हणाली.

"पाहू ना मंग."

एवढंच बोलणं झालं. पण साऱ्या वॉर्डानं ते ऐकलं होतं आणि सारा वॉर्ड वाट पाहत होता.

आर्णीच्या बाईचं ऑपरेशन झालं, ती शुद्धीवर आली, तिला आकड्याच्या बाटलीतली सुई दिली गेली. मी जाऊन विचारलं. ती म्हणाली, थोडं. पुन्हा गेले, पुन्हा थोडं. तिच्या हातानं खाटेची लोखंडी पट्टी अशी धरली होती की बोटांची पेरं पांढरी पडली होती. वरच्या ओठावर घाम होता. आवाज मात्र एकदाही निघाला नाही. समोरची बाई उशी उंच करून पाहत होती. मी ‘थोडं’ असं लिहिलं.

दुसऱ्या दिवशीही तेच. मी डॉक्टरांना म्हटलं, ती खरं सांगत नाही. त्यांनी माझं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, दुखणं मोजायला आपल्याकडे रोग्याच्या शब्दाखेरीज दुसरं काही साधन नाही. एकीचा शब्द धरायचा आणि दुसरीचा तुझ्या डोळ्यांनी बदलायचा, असं केलं तर मोजण्याला अर्थच उरणार नाही. त्यांचं चूक होतं असं मला आजही म्हणता येत नाही. ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर फेरीला आले तेव्हा त्यांनीही तिला विचारलं, आणि तिनं त्यांनाही ‘थोडं’ असंच सांगितलं. ते पुढच्या खाटेकडे गेले.

दुपारी मी सिस्टरना सांगून तिच्या खाटेभोवती पडदा लावून घेतला. स्टुलावर बसले आणि ठरलेला प्रश्न सोडून मला जे विचारायचं होतं ते विचारलं.

"काहून सांगत नाही तुम्ही?" त्यांची बोली माझ्या तोंडून विचित्र ऐकू आली असणार.

तिनं पडद्याच्या फटीतून समोर पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "मी वरडली का त्या म्हनतीन, पाय, देव सोडले आन आता रडून राह्यली. मी एकलीच नाही रडत मंग बाई. आमची सारी वस्ती रडली असं होते."

मी तिला नियम सांगितला. बरंच किंवा फार म्हटलं की लगेच चांगली सुई मिळते, आणि ती पडद्याआड दिली जाईल, ट्रे दिसणार नाही. तिनं विचारलं, वरडा लागन का? मी म्हटलं, नाही, नुसतं मला सांगायचं. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "फार. कालपासून फार."

सिस्टरनी सुई पदराखालून आणली. तिची पट्टीवरची बोटं सुटली आणि ती झोपली. मला वाटलं, झालं. पण ती झोप टिकली नाही. पेथिडीननं जेवढं थांबायला हवं होतं त्याच्या निम्मंही दुखणं थांबलं नाही, तेव्हा मी डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी तिच्या पोटावर हात ठेवला आणि त्यांचा चेहरा बदलला. पोट फळीसारखं कडक झालं होतं. आत पू झाला होता. पुन्हा उघडावं लागणार होतं, आणि ताबडतोब.

टेबलावर घेताना तिनं माझा हात सोडला नाही, म्हणून मला आत राहू दिलं. भुलीच्या ईथरचा वास खोलीत आधीच भरला होता. डॉक्टर तोंडावरची जाळी आणि कापड तयार करत होते. तिनं मला वाकायला लावलं.

"भुलीत मानूस बडबडते म्हनतात. खरं हाय का?"

मी हो म्हटलं. खोटं सांगायला सुचलं नाही.

"लहानपनापासून तोंडात बसलं हाय नाव. निंगालं त निंगालं. पन तुमी कोनाले सांगू नोका. माह्या मालकालेही नाही."

मी म्हटलं, नाही सांगणार. कापडावर ईथरचे थेंब पडू लागले. सुरुवातीला ती गुदमरली, हातपाय झाडले, सिस्टरनी गुडघे दाबून धरले. मग, जसं होतं तसं, ती बोलू लागली. मोठ्यानं, स्पष्ट. खोलीत मराठी कळणारे आम्ही थोडेच होतो, आणि बाकीचे आपापल्या कामात होते. डॉक्टरांनी नाडीवरचं बोट न काढता मला विचारलं, काय म्हणते आहे ती? दुखतं म्हणते का? मी सांगितलं, काही विशेष नाही, सर.

ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर गेली. तिचा नवरा अंगणातल्या कडुनिंबाखाली बसला होता. त्याला मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. तो उठून उभा राहिला आणि त्यानं टोपी काढून हातात घेतली. मला त्यानं काही विचारलं नाही. भुलीच्या डॉक्टरांनी तिचा आकडा अभ्यासातून काढून टाकला, कारण तिला नियम आधी कळला होता. ते माझ्यावर रागावले नाहीत. पहिल्याच दिवशी फार म्हणाली असती तर मी तेव्हाच पोट तपासलं असतं, एवढंच दोनदा म्हणाले. विचारायचं काम त्यांनी एका नर्सला दिलं आणि मला नोंदींच्या नकला करायला बसवलं.

माझी पेन्सिल वॉर्डात राहिली होती, ती आणायला गेले तेव्हा कळंबच्या बाईनं मला जवळ बोलावलं. ती रडलेली होती. गादी गुंडाळलेल्या रिकाम्या खाटेकडे न पाहता तिनं माझं मनगट धरलं.

"बाई, तुमी आत होत्या ना. तिनं देवीचं नाव घेतलं असन. घेतलं ना? घेतलं असन त देवी तिले पदरात घेईन. मी नवस बोलली हाय तिच्यासाठी."

तिला ते मनापासून हवं होतं. हो म्हटलं असतं तर तिला रात्री झोप लागली असती. आणि संध्याकाळपर्यंत ते सगळ्या वॉर्डाला, मग कळंबला, मग आर्णीच्या बाजारात कळलं असतं.

"ती काही बोलली नाही," मी म्हटलं.

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

तिनं माझ्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, मग मनगट सोडलं आणि कूस बदलली. मी पेन्सिल घेऊन बाहेर आले. तिनं भुलीत काय म्हटलं ते मला शब्दन् शब्द आठवतं. घरी आईनं विचारलं, पुढे लग्न झाल्यावर नवऱ्यानंही विचारलं. त्यांना सांगितलं नाही, आणि इथेही लिहीत नाही.