तीनशे ओहम

तुमच्या बाबांनी आजोबांसाठी जे मोठे हेडफोन पाठवले, त्यांच्यामुळे आपल्या घरातून पखवाज जवळजवळ निघून गेला होता. बाबांना मी फोनवर एवढंच सांगितलं, की हेडफोन छान आहेत. झालं काय ते तुम्हाला सांगते.

गावच्या सप्ताहात आजोबा चाळीस वर्षं भजनी मंडळाचा पखवाज वाजवतात. सप्ताहाच्या आधी दोन आठवडे ते रोज दुपारी खिशातल्या त्या छोट्या प्लेअरवर मागच्या वर्षीचं रेकॉर्डिंग ऐकतात, म्हणजे चाली हाताशी राहतात. त्यांची जुनी कानात घालायची वायर तुटली, म्हणून बाबांनी स्वतःचे हेडफोन कुरियरने पाठवले. अख्खा कान झाकणारे, जाड पिनेचे, आणि ती लहान भोकात बसावी म्हणून सोबत एक जोड.

आजोबांनी ते लावले, आवाज पूर्ण वाढवला, दहा मिनिटं बसले आणि काढून ठेवले. पुढचे तीन दिवस असंच. पाचव्या दिवशी सकाळी चहा पिताना म्हणाले, "आज पाचला मंडळाची माणसं येतील. पखवाज घेऊन जातील."

"कुठे?"

"ओझरचा तो पोरगेला वादक आहे ना, त्याला देतील. माझे कान गेले. एवढी महागाची वस्तू, तिच्यातूनही मला मुंगीएवढा आवाज येतो."

मी हेडफोन लावून पाहिले. मलाही मुंगीएवढाच आवाज आला. पण मीसुद्धा त्र्याहत्तर वर्षांची. मनात आलं, दोघांचेही गेले असतील. क्षणभर खरंच तसं वाटलं.

तेवढ्यात शेजारची सून दूध घेऊन आली. तिच्या डोक्यावर मी ते चढवले. ती डोळे बारीक करून ऐकत राहिली.

"आजी, ह्यात कायी दमच न्हाई. माझ्या मोबाईलचा आवाज ह्याच्यापरीस मोठा येतो."

मी आजोबांकडे पाहिलं. ते म्हणाले, "तिला माझी दया आली म्हणून बोलते." आणि गोठ्याकडे निघून गेले.

खोक्यातला कागद मी नेहमीप्रमाणे फाइलला लावला होता. इंग्रजीतला म्हणून कोणी वाचला नव्हता, मीही नाही. आता तो काढून एकेक शब्द लावत वाचला, आणि मला माझीच लाज वाटली. त्यात स्पष्ट लिहिलं होतं : हे हेडफोन तीनशे ओहमचे आहेत, खिशातल्या प्लेअरला थेट जोडल्यास आवाज कमी येईल, मध्ये ॲम्प्लिफायर लावावा. कागद घेऊन मी गोठ्यात गेले आणि वाचून दाखवला.

"कंपनीवाले कायपण लिहितात," आजोबा म्हणाले. "पाचला या म्हणून सांगितलंय मी. आता शब्द फिरवू?"

बारा वाजले होते. मी साडी बदलली, हेडफोन आणि प्लेअर पिशवीत घातले आणि जीपने नारायणगाव गाठलं. लग्नकार्याला साउंड सिस्टिम भाड्याने देणारं एक दुकान मला माहीत होतं. दुकानदार जेवायला गेलेला. स्टुलावर बसून मी तासभर घड्याळ पाहत राहिले. तो आला, पिन पाहून म्हणाला, "आजी, हे खराब झालंय. नवीन घ्या."

"भाऊ, आधी हे वाचा," म्हणून मी हेडफोनच्या आतल्या बाजूला छापलेला आकडा दाखवला.

तो हसला. "आयला, तीनशे! आजी, ह्याला तुमचा प्लेअर वढायचा न्हाई. बैलगाडीला शेळी जुंपलीय तुमी." फळीवरून त्याने साबणाच्या वडीएवढा ॲम्प्लिफायर काढला, चार्ज आहे का पाहिलं, एका वायरने प्लेअर त्याला जोडला, हेडफोन त्याच्या दुसऱ्या बाजूला. बटण फिरवत स्वतः ऐकलं आणि मान डोलवली. मग सगळं सोडवून पिशवीत भरलं.

परतीच्या जीपमध्ये टोमॅटोच्या क्रेटांशेजारी बसून मी जोडणीचा क्रम कागदावर लिहिला. घरी पोचले तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. आजोबांनी पखवाज खोळीत घालून ओट्यावर आणून ठेवला होता.

"एकदाच ऐका. माझ्यासाठी."

नाखुशीने त्यांनी हेडफोन कानांवर घेतले. मी वायरी जोडल्या. ते प्लेअरचं बटण दाबणार, एवढ्यात माझं लक्ष ॲम्प्लिफायरकडे गेलं. पिशवीत घासून त्याचं बटण शेवटपर्यंत फिरलं होतं, आणि प्लेअरचा आवाज तर चार दिवस पूर्णच होता. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"आता काय?" ते ओरडले.

"थांबा म्हणते ना! असलेले कान जातील."

बटण शून्यावर आणलं. मग प्लेअर सुरू केला आणि केसाकेसाने फिरवत गेले. आजोबांचा चेहरा तसाच राहिला. अजून थोडं. मग त्यांचा उजवा हात मांडीवर हलला, आणि मी फिरवायचं थांबवलं.

मंडळाचे वीणेकरी आणि आणखी दोघे आले. आजोबांनी हाताने त्यांना बसा म्हटलं आणि रेकॉर्डिंग पुढे नेऊन एकच जागा तीनदा ऐकली. शेवटी हेडफोन उतरवून ते वीणेकऱ्यांना म्हणाले, "शेवटच्या दिवशी काल्याच्या कीर्तनात लय वाढली तिथं माझा हात मागं पडलाय. सगळ्यांनी ऐकलं असेल. कोणी बोलला का नाहीत?"

वीणेकरी खाली पाहू लागले. "तुमाला कोन बोलनार, राव? आन् तुमी तर सांगितलं, ऐकू येत न्हाई."

"येतंय. चांगलं येतंय." आजोबांनी हेडफोनची वायर गुंडाळली. मी चहा टाकायला उठलेली तशीच उभी. "पहिले सहा दिवस मी वाजवतो. काल्याला त्या ओझरच्या पोराला बसवा. उद्यापासून त्याला माझ्याकडे पाठवा, चाली सांगतो."

"जमतंय की," वीणेकरी म्हणाले, आणि त्यांनीच पखवाज उचलून आत खुंटीखाली नेऊन ठेवला.