महालक्ष्मीच्या वाकड्या निऱ्या

वर्ध्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये एकोणीस वर्षं मी लोकांचं रक्त काढलं. गेल्या दिवाळीनंतर ती नोकरी सोडली आणि साड्या नेसवण्याचं काम धरलं. लग्न, साखरपुडा, डोहाळजेवण, जिथून बोलावणं येईल तिथे पिनांचा डबा घेऊन हजर. "आता काय, आवडीचंच काम, मजा आहे तुझी," असं जो तो म्हणतो. त्यांना एकदा माझ्या जागी उभं करावंसं वाटतं. मे महिन्याचं ऊन, मंगल कार्यालयातला बंद पडलेला कूलर, घामाने भिजलेली नवरी आणि पदराबद्दल तीन मतं असलेल्या तिच्या तीन मावश्या. रक्त काढताना निदान माणूस तोंड फिरवून गप्प बसायचा.

साडी नेसवणं हा माझा छंद होता. होता म्हणते, कारण आता तो राहिला नाही. पूर्वी लॅबमधून घरी आले की मोबाइलवर बघून शेजारच्या पोरींना नवनवीन पद्धतीने नेसवून पाहायची आणि दिवसभराचा शीण जायचा. आता शीण तिथूनच येतो. दुसरा छंद हवा म्हणून आमच्या आंजी गावातल्या बायकांच्या भजनी मंडळात गेले. पहिल्याच दिवशी टाळ हातात घेते न घेते तोच एकजण म्हणाली, "बाई, आधी माह्या पदराले दोन पिना लावून दे." टाळ बाजूला राहिले आणि आठ पदर झाले.

हे सगळं सुरू झालं ते आमच्या घरच्या महालक्ष्म्यांपासून. आमच्याकडे भादव्यात तीन दिवस ज्येष्ठा-कनिष्ठा बसतात. धान्य भरलेल्या पत्र्याच्या दोन कोठ्या, त्यावर पितळी मुखवटे, आणि कोठ्यांना साड्या. लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी सासूबाईंनी साड्या माझ्या हाती दिल्या. नेसवून झाल्यावर बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता हे काम तुहंच." सासूबाईंनी माझी स्तुती केली ती ही एवढीच. पण त्या दिवसापासून ती जागा माझी झाली. वीस वर्षं दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता.

यंदा मी काय केलं? महालक्ष्म्या यायच्या त्याच दिवशी पाच घरची बोलावणी घेतली. लोकांच्या महालक्ष्म्या नेसवायची. वर्ध्यात दोन, सेवाग्रामच्या रस्त्यावर एक, हिंगणघाटला दोन. हिशेब सोपा वाटला. सकाळी सहाला निघायचं, तीनला घरी, आपला मुहूर्त साडेपाचपर्यंत. घरच्या साड्यांच्या निऱ्या आदल्या दिवशीच घालून, इस्त्री मारून, पिना लावून ठेवल्या होत्या. निघताना सासूबाईंना बजावलं, "आई, मी आल्याबिगर बसवू नका."

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला असं बजावायचं नसतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

हिंगणघाटचं शेवटचं घर नडलं. घरधनिणीला पदरावरचा मोर समोरून दिसायला हवा होता. दाखवला. मग म्हणाली, मोराचं तोंड दाराकडे पाहिजे. पुन्हा सोडलं, पुन्हा नेसवलं. मग तिची जाऊ आली आणि म्हणाली, पहिलंच बरं होतं. माझ्या तोंडात चार पिना होत्या म्हणून बरं, नाहीतर काय बोलले असते देव जाणे. तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला.

"कुठी हायेस? आई विचारून राह्यली. मुहूर्त सरून राह्यला ना."

"निघून राह्यली ना मी!" मी खेकसले. निघाले मात्र अर्ध्या तासाने.

घरी पोचले तेव्हा सहा वाजून गेले होते. दारापासून आतपर्यंत कुंकवाची पावलं उमटलेली होती. आत महालक्ष्म्या बसल्या होत्या. ज्येष्ठेचा पदर खांद्यावरून घसरलेला, कनिष्ठेच्या निऱ्या सगळ्या एका अंगाला, काठ वरखाली, आणि डावीकडून कोठीचा पत्रा उघडा. इस्त्री केलेल्या निऱ्या पार मोडल्या होत्या. माझ्या पिना एका वाटीत काढून ठेवलेल्या.

"आई, हे काय केलं?"

"मुहूर्त काय तुही वाट पाह्यते?" सासूबाई पाटावर बसून वाती वळत होत्या. "अन् पिना काढल्या म्या. देवीले कायले टोचतं? एकोणीस वर्स लोकायले टोचलं, तेवढं पुरं नाई झालं?"

एकदा बसवलेली महालक्ष्मी तीन दिवस हलवायची नाही, तिला हात लावायचा नाही, ही आमच्या घरची रीत. म्हणजे तीन दिवस ते ध्यान मला बघत बसायचं होतं. इतका संताप आला की मी मोरीत जाऊन पाय धुण्याचं निमित्त करून रडले. सासूबाईंचा राग, त्या मोरवालीचा राग, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा. रडताना लक्षात आलं की दिवसभरात पाच घरच्या महालक्ष्म्या नेसवल्या आणि एकाही घरी हात जोडले नाहीत. तोंडात पिना, हातात निऱ्या. घरी आल्यावरही मी आधी निऱ्याच पाहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी पुरणाचं जेवण. सोळा भाज्या, आंबील, घरभर माणसं. मी वाढता वाढता दोनदा त्या पदराकडे हात नेला आणि दोनदा मागे घेतला. दुपारी वर्ध्याची एक बाई दर्शनाला आली. तिच्या मुलीचं लग्न तोंडावर होतं आणि नेसवायचं काम मला द्यायचं तिच्या मनात होतं. तिने महालक्ष्म्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"या तुम्हीच नेसवल्या काय?"

"नाई हो," मी लगेच म्हणाले, आणि वरून हसलेसुद्धा. "आमच्या आईनं नेसवल्या. मी कुठी होती घरी!"

सासूबाई शेजारीच कुंकवाचा करंडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी त्या बाईला कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "हाव, म्याच नेसवल्या. हात थरथरते आता." आणि आत गेल्या.

लग्नाचं काम मला मिळालं.

तिसऱ्या दिवशी दहीभाताचा नैवेद्य झाला, अक्षता टाकून महालक्ष्म्या हलवल्या आणि साड्या सोडायला मी बसले. पिन एकही नव्हती. जागोजागी पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी होत्या, एकावर एक मारलेल्या, काही सुटलेल्या, पुन्हा मारलेल्या. त्या हातांना हे करायला किती वेळ लागला असेल? मी माझी वाट बघायला सांगून गेले होते, आणि त्या बहुतेक दुपारपासूनच बसल्या असतील. एकेक गाठ सोडून मी सवयीने साडीची घडी घालायला लागले.

"घडी नको घालू," सासूबाई म्हणाल्या. महालक्ष्मीला नेसवलेली साडी मग घरच्या सुनेने नेसायची असते. "उभी राह्य."

मी उभी राहिले. त्यांनी मला कनिष्ठेची साडी नेसवायला घेतली. निऱ्या सुटत होत्या, त्या पुन्हा धरत होत्या. काठ डावीकडे खाली जात होता, मला ते कळत होतं, आणि माझे हात शिवशिवत होते. मी हलले नाही.

पदर खांद्यावर टाकून त्या मागे सरकल्या.

"कोणी विचारलं तर सांगजो," म्हणाल्या, "सासूनं नेसवली."

संध्याकाळी मी तशीच भजनाला गेले. बायकांनी विचारलंच. मी सांगितलं, आणि या वेळी हसले नाही.