थोरलीची उजवी बरगडी

शिवणखान्यात कुजबुज उठली, की दोघी जावांचं फाटलंय. ती कुणी उठवली हे विचारू नये. कुजबुजीला आईबाप नसतात, शेजारणी मात्र पुष्कळ असतात.

थोरली कॉलर शिवायची, तिच्या डाव्या हाताला बसून धाकटी बाह्या लावायची. राहायच्या एकाच घरात. आणि हल्ली थोरली धाकटीकडे ढुंकूनही बघत नव्हती. धाकटीनं स्वतः शिवलेला कुर्ता पुढे केला, "जाऊबाई, बघा ना!" तर ही सुईवरची नजर न काढता म्हणाली, "छान आहे गं."

न बघताच छान! धाकटीनं त्याच दिवशी सुपरवायझरकडे दुसऱ्या रांगेतलं मशीन मागितलं आणि घरी नवऱ्याच्या मागे वेगळ्या बिऱ्हाडाचा लकडा लावला.

थोरलीला काही उमगेना. आपण तर छान म्हणालो! मान जरा धरलीये, पण या वयात कुणाची धरत नाही? लेकीसारखी सांभाळलेली पोर घर सोडून निघालीये, आणि कशावरून, तेच कळेना.

तशात कामगारांना तपासायला फिजिओथेरपीवाल्या बाई आल्या. थोरलीमागे धाकटीचाच नंबर. तोंड फुगवून उभी.

"मान डावीकडे वळत नाही," थोरली म्हणाली.

बाईंनी आधी तिचं डोकं उजवीकडे वळवून कान छातीकडे झुकवला. आरामात गेला. मग डावीकडे. मान निम्म्यात थांबली, आणि कान तर झुकेचना. बाईंनी उजव्या बाजूला, गळ्याच्या हाडामागे अंगठा दाबला.

"आई गं! अहो, अडतंय डावीकडे नि दाबताय उजवीकडे? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

"कापडाचे गठ्ठे कुठल्या खांद्यावर नेता?"

"उजव्या."

"मग चोर तिथंच आहे. सगळ्यात वरची बरगडी अडकलीये."

"बरगडी इथं?" थोरली गळा चाचपत म्हणाली. "मग माझी मान कुठून सुरू होते?"

धाकटी फिस्सकन हसली. थोरली तिच्याकडे वळली, ती अख्ख्या स्टुलासकट.

"म्हणजे मी तुम्हाला दिसतच नव्हते?" धाकटीनं विचारलं.

"दिसायचीस की. कोपरापर्यंत."

"मग सांगायचं नाही?"

"काय सांगणार? मला वाटलं, तूच रुसलीयेस!"

"मी? आधी तुम्ही रुसलात म्हणून मी रुसले!"

कोण कुणावर रुसलं होतं, याचा हिशेब दोघींनाही लागेना. धाकटी आपली तपासणी सोडून सुपरवायझरकडे पळाली, मशीन आहे तिथंच राहू दे म्हणून सांगायला.

जावांचं भांडण झालंच नव्हतं. थोरलीची उजवी वरची बरगडी आखडली होती, त्यामुळे तिला डावीकडे बघता येत नव्हतं.