दादावरचं भाषण

माझ्या सख्ख्या भावाशी कसं वागावं, हे सगळ्या कारखान्याला शिकवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी हो म्हणालो.

सत्तर-बहात्तर साल असेल. कान्हे गावाजवळच्या एका कारखान्यात मी कारकून होतो. माझा थोरला भाऊ, दादा, लहानपणी तापात बहिरा झालेला. ओठांवरून बोलणं ओळखायचा. साहेबांच्या विनवण्या करून मी त्याला पॅकिंगमध्ये तात्पुरतं चिकटवलं होतं. त्याच सुमारास पोलिओने पाय अधू झालेला शांताराम टायपिस्ट म्हणून आला. साहेब म्हणाले, यांच्याशी कसं वागायचं ते सगळ्यांना तासभर शिकवा, मग दोघांना कायम करण्याचं बघू. (दादाची भाकरी माझ्या जिभेवर. त्या दिवसापासून मला जेवण जाईना.)

भाषण ठेवलं कँटीनच्या माडीवर. कुबड्या घेतलेला शांताराम जिन्याखाली उभा राहून वर बघत राहिला. ही जागा मीच निवडली होती. मी वरून ओरडलो, खालीच बस, मी मोठ्याने बोलतो.

दादा पहिल्या रांगेत होता. मी फळ्याकडे वळलो आणि मुद्दे लिहीत लिहीत बोलू लागलो. बहिऱ्या माणसाशी बोलताना नेहमी त्याच्याकडे तोंड करावं, हेही मी फळ्याकडे तोंड करूनच सांगितलं. मागे हशा पिकला. भाषण रंगतंय असं वाटून मी आणखी चढ्या आवाजात सुरू झालो.

शेवटी पॅकिंगमधले कोंडिबा आबा उठले. "भाऊ, तुमी फळ्याला शिकवताय का आमाला?"

मी वळलो. दादाची खुर्ची रिकामी होती आणि साहेब वहीत काहीतरी लिहीत होते. संपलं सगळं, असं म्हणत मी जिना उतरलो.

दादा खाली पायरीवर शांतारामशेजारी बसला होता. माझ्यामागोमाग सगळे उतरले, साहेबसुद्धा. आबांनी दादासमोर येऊन सावकाश विचारलं, हाक कशी मारायची? दादा म्हणाला, समोर या, उजेडात उभे राहा. ओरडलात की तोंड वाकडं होतं, मग मला काहीच कळत नाही. शांतारामने सांगितलं, न विचारता हात धरू नका, मी पडतो. दहा मिनिटांत सगळ्यांना सगळं समजलं.

घरी जाताना मी दादाला विचारलं, हे मला आधी का नाही सांगितलंस?

"तीस वर्षं सांगतोय," तो म्हणाला.

दोघेही कायम झाले. पुढच्या महिन्यात त्यांनीच वर्ग घेतला, खाली, अंगणात. साहेबांनी शिकणाऱ्यांची यादी लावली होती. तिच्यात पहिलं नाव माझं होतं, आणि त्याखाली दुसरं नव्हतं.