आखाजीची गैरहजेरी

हेमांगी पाटीलने स्वतःलाच कामावरून काढलं, आणि काढल्याचा निरोपही स्वतःच्याच शब्दांत स्वतःला पाठवला. त्या वेळी ती सोनगीरला, माहेरच्या ओसरीवर, खापरावरच्या पुरणपोळीचा दुसरा घास मोडत होती. फोन वाजला. ‘आपले नाव प्रशिक्षक यादीतून कमी करण्यात आले आहे. आपण दिलेल्या सेवेबद्दल मंडळ आपले आभारी आहे.’ हे दुसरं वाक्य लिहायला तिला फेब्रुवारीत अर्धा तास लागला होता. कुणाला काढायचंच तर निदान सभ्यपणे काढावं, असा त्यामागचा विचार.

“काय जयं वं?” सुंदरबाईंनी, म्हणजे आईने, विचारलं.

“कामावरून काढलं.”

“कोनी काढं तुले?”

“मीच.”

सुंदरबाईंनी पोरीकडे नीट पाहिलं. “तुना डोकामा ऊन चढनं शे. रस पे.”

हेमांगीने आमरस प्यायला नाही. दुपारची एसटी पकडून ती धुळ्याला आणि तिथून जळगावला निघाली. आखाजीच्या सणाला आलेली लेक जेवण अर्ध्यावर टाकून सासरी जाते, असं सोनगीरला कुणी पाहिलं नव्हतं. शेजारणींनी त्यातून जे काढायचं ते काढलं.

तिची थोडी ओळख करून द्यायला हवी. वय चौतीस. पोहायला शिकली ती बापाच्या विहिरीत, पाठीला रिकामा पत्र्याचा डबा बांधून. डबा एकदा गळका निघाला आणि त्या दिवशी तिला खरं पोहता आलं. पुढे अमळनेरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकली, जळगावात दिली. वर्षाचे नऊ महिने ती टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवते आणि मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत एका क्रीडा मंडळाच्या तलावावर बायकांना पोहायला शिकवते. अकरा उन्हाळे झाले. तलावावर प्रशिक्षक सोळा. पाच बाया, अकरा पुरुष, सगळे हंगामी. हंगामी म्हणजे ज्यांना जूनमध्ये कुणी ओळखत नाही ते.

कुणी कधी यायचं हे सचिव चुडामणभाऊ ठरवत. आदल्या संध्याकाळी फोन करून. “सकाळी तू ये भो. रूपाला सांग, नको येऊ.” का, ते विचारायची पद्धत नव्हती. ज्याने भाऊंना वाटेत नमस्कार केला त्याला सकाळची गार वेळ मिळे आणि ज्याने केला नाही त्याला भर दुपारी तापलेल्या फरशीवर अनवाणी उभं राहायला मिळे. एवढी सोपी पद्धत असताना मंडळाला ऑनलाइन व्हायचं सुचलं, कारण शेजारच्या तालुक्यातलं एक मंडळ झालं होतं. भाऊंनी हेमांगीला बोलावलं. “तू कॉम्प्युटरवाली ना? करून टाक काहीतरी. बाहेरचा माणूस नको, तो बिल लावतो.”

हेमांगी हरखली. हा तिचा दोष. तिला वाटलं, अकरा वर्षं जे खुपतंय ते एका फेब्रुवारीत दुरुस्त होईल. तिने प्रत्येकाला फोनवर आपली पाळी दिसेल अशी सिस्टिम बांधली. पाळ्या आपोआप फिरत, दुपार प्रत्येकाच्या वाट्याला सारखी येई. परीक्षेचे दिवस, पाणी बदलायचा सोमवार, झाडून साऱ्या लग्नतिथी, सगळं त्यात भरलं. भाऊंनी दोनच गोष्टी मागितल्या. एक, तीन विनापरवानगी गैरहजेऱ्या झाल्या की नाव आपोआप गळावं. “आपल्यावर बोट नको. सिस्टिमनं काढलं, विषय संपला.” दुसरी, ‘विशेष परवानगी’ नावाचं एक बटण, जे फक्त सचिवांना दिसेल. हेमांगीने दोन्ही करून दिलं. पहिला नियम तिला पटलाही होता. तो कामचुकार पुरुषांना लागेल, असं तिच्या मनात होतं.

आखाजी मात्र तिच्या डोक्यात आली नाही. याचं नवल वाटायचं कारण नाही. रजा म्हणजे जी मागावी लागते ती. आखाजी कुणी कधी मागितली नव्हती. खान्देशात अक्षय्य तृतीयेला लेक माहेरी येते, एवढं साधं ते आहे. तलावावरही त्याची सोय कुणी न ठरवता ठरलेली होती. पाचही जणी तीन दिवस आपापल्या माहेरी जात. त्याच तीन दिवसांत तलावावर पूर्वी शिकवणाऱ्या, मग सुरतला, नाशिकला, धुळ्याला दिलेल्या पोरी जळगावला माहेरी येत, आणि आल्या की पहाटे थेट तलावावर येऊन शिट्टी हातात घेत. हेमांगीच्या जागी सुरतची कुंदन उभी राही. अकरा वर्षांत लेडीज बॅच आखाजीला एकदाही बंद राहिली नव्हती. उलट माहेरवाशिणी आणि त्यांची पोरं येऊन ती दुप्पट भरे.

यंदाही भरली. सिस्टिमने काय पाहिलं, तर पाच जणी तीन दिवस नाहीत. कुंदनचं नाव यादीत नव्हतं, म्हणून ती तिथे नव्हती. तिने त्या तीन दिवसांत ज्या बायकांना पाण्यात तरंगायला शिकवलं, त्याही बहुधा आपोआप तरंगल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी हेमांगी ऑफिसात गेली तेव्हा भाऊ चहा ओतत होते.

“भाऊ, पाच नावं गेली.”

“पाहिलं ना मी. फार वाईट वाटलं.” चहा बशीत नीट पडला. “पण मी कोण, मॅडम? सिस्टिमनं काढलं.”

“सिस्टिम मी बनवली आहे.”

“तेच तर! तुमचीच आहे. छान चालते.”

“दरवर्षी आम्ही जातो. बदलीला कुंदन असते. तुम्ही स्वतः तिला चहा पाजता.”

“चहा मी सगळ्यांना पाजतो. त्याची नोंद नसते.” त्यांनी बशी तोंडाला लावली. “लेडीज बॅचला आपला ललित आणि दोन पोरं टाकतोय मंगळवारपासून.”

ललित हा भाऊंचा भाचा. लेडीज बॅचला पुरुष शिक्षक म्हणजे निम्म्या बायका घरी, हे सांगायला हेमांगीने तोंड उघडलं, आणि भाऊंच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की हे त्यांना माहीत आहे. मोकळी झालेली वेळ पुरुषांच्या बॅचला जाणार होती.

बाहेर रूपा उभी होती. रूपा चोपड्याची, सहा उन्हाळे हेमांगीच्या शेजारी काठावर उभी राहिलेली. “आभार पोचले बरं का,” ती म्हणाली. “भाषा मस्त आहे तुझी.” आणि स्कूटी काढून गेली.

त्याच दुपारी प्रशिक्षकांच्या ग्रुपवर भाऊंचा संदेश आला. ‘काही भगिनींचा गैरसमज झाला आहे. नियम सर्वांना समान. कोणालाही सवलत नाही. सचिव.’ खाली अकरा अंगठे उमटले. सगळे पुरुषांचे.

हेमांगीने तो संदेश तीनदा वाचला. रागावलेली माणसं सहसा आरडाओरडा करतात. ती शांतपणे क्लासमध्ये गेली, कॉम्प्युटर उघडला आणि विशेष परवानगीच्या बटणाची नोंद काढली. हंगाम सुरू झाल्यापासून ते सदुसष्ट वेळा दाबलं गेलं होतं. लग्नसराईत कुणी फेटे बांधायला जात होतं, कुणी वरातीची गाडी चालवायला, कुणी नुसतं नाचायला. ललितची एकट्याची एकवीस लग्नं. त्यांच्या जागी कुणीही उभं राहिलेलं नव्हतं. पोरं पाण्यात, काठावर देव.

‘कोणालाही सवलत नाही’ हा तिने लेखी आदेश समजला. सवलतीचं बटण काढून टाकलं. मागच्या सदुसष्ट परवानग्याही पुसल्या. मग सिस्टिमला म्हणाली, आता मोज.

सिस्टिमने मोजलं. अकरांपैकी दहा नावं गळाली. राहिला एकटा पियुष. त्याचा पाय मार्चपासून प्लास्टरमध्ये होता. नाचता येत नसल्यामुळे तो रोज खुर्ची टाकून काठावर बसत असे, आणि कागदोपत्री मंडळाचा सर्वांत कर्तव्यदक्ष प्रशिक्षक ठरत असे. दहा फोनांवर मंडळाचे आभार पोचले.

चार वाजता फाटकावर गर्दी झाली. फाटक वनाआबांच्या ताब्यात. ज्याचं नाव हातातल्या स्क्रीनवर येईल त्यालाच आत घ्यायचं, आणि प्रशिक्षक कमी असतील तर बॅच पाण्यात सोडायची नाही, हे भाऊंनी त्यांना त्याच सकाळी, पाच जणींची नावं गेल्यावर, दरडावून सांगितलं होतं. वनाआबांना एकदा सांगितलेलं पुरतं.

“आबा, मी ललित. रोज येतो ना मी!”

“रोज कुठं येतो तू? नाव न्हाई. सरक.”

बाहेर बेचाळीस डिग्रीत साठ माणसं टॉवेल खांद्यावर टाकून उभी राहिली. त्यात व्यापारी होते, वकील होते, मंडळाचे दोन विश्वस्तही होते. हेमांगीचा फोन वाजला.

“हेमांगी, बेटा, काहीतरी बिघाड झाला गं.”

“नाही भाऊ. छान चालते.”

“आता चेष्टा नको. हे बघ, तुम्ही पाचही जणी परत या. मी विशेष परवानगी देतो.”

“नको.”

“नको म्हणजे?”

“परवानगी कशाची? बॅच एक दिवस बंद होती का? मेहेरबानी नको आम्हाला. ग्रुपवर लिहा, आखाजीची बदली मंडळाला मान्य आहे. कुंदनचं नाव घालून लिहा. मग आमची नावं येतील.”

“अगं लिहितो ना नंतर. आधी पोरांचं कर.”

“पोरांच्या जागी कोण उभं होतं, ते सांगा. त्यांचंही लगेच करते.”

पलीकडे साठ माणसांचा गलका वाढला. पाच मिनिटांनी ग्रुपवर संदेश पडला. त्यात शुद्धलेखन नव्हतं, कुंदन मात्र होती.

त्या संध्याकाळी पुरुषांची बॅच पाच बायकांनी घेतली. रूपा आली, पण हेमांगीपासून चार हात लांब उभी राहिली. लताबाई सगळ्यांत वडील, पन्नाशीच्या. त्यांनी एका विश्वस्ताला टोपी घातल्याशिवाय पाण्यात उतरू दिलं नाही. “साहेब, विश्वस्त बाहेर. इथं केसं दिसतात पाण्यात.”

बॅच संपल्यावर रूपा जवळ आली. “तीन गैरहजेऱ्यांचा नियम आहे अजून?”

“आहे. आता सगळ्यांना सारखा आहे.”

“भाऊ पण हेच म्हणत होते ना?” रूपाने शिट्टीची दोरी हाताला गुंडाळली. “माझी पोरगी आजारी पडली तर चौथ्या दिवशी मी बाहेर. आभार मानशील तू.”

हेमांगीला यावर उत्तर द्यायचं होतं. ललितची एकवीस लग्नं तिच्या जिभेवर होती. पण त्या लग्नांचा रूपाच्या पोरीशी काही संबंध नव्हता. कुणाला तरी लागेल म्हणून बांधलेला नियम तिला स्वतःला लागला होता, तरी तिने तो जपून ठेवला होता, कारण आता तो तिच्या हातात होता. या विचाराने तिला भाऊंपेक्षा स्वतःचाच जास्त संताप आला. ती तशीच, ओल्या पायांनी ऑफिसात गेली आणि नियम काढून टाकला. आभाराचं वाक्यही. त्या जागी एकच प्रश्न ठेवला: ‘तुम्ही येणार नसाल तर तुमच्या जागी कोण येईल?’ ज्याला उत्तर आहे त्याने खुशाल जावं.

नियमच उरला नाही म्हणून दहाही पुरुष दुसऱ्या दिवशी परत आले. पुढच्या लग्नतिथीला ललितने रीतसर अर्ज भरला, आणि बदलीच्या रकान्यात मामाचं नाव लिहिलं.

चुडामणभाऊ एकवीस वर्षं तलावाचे सचिव आहेत आणि त्यांना पोहता येत नाही. हेमांगीने अर्ज नामंजूर केला, आणि कारण ग्रुपवर सर्वांना दिसेल असं लिहिलं.