बिननावाच्या गोळ्या

"अक्यूट लिव्हर इंज्युरी," डॉक्टर म्हणाली. म्हणजे लिव्हरला अचानक झालेली मोठी इजा. इंग्लंडमधल्या एका हॉस्पिटलात मी पडले होते, डोळे हळदीसारखे पिवळे. रक्ताचे आकडे सुधारले नाहीत तर लिव्हर बदलावं लागेल, हेही तिने सांगून टाकलं. मग विचारलं, "कोणकोणती औषधं घेतलीस?"

मी म्हटलं, "एक पांढरी, एक पिवळी आणि अर्धी गुलाबी."

ती माझ्याकडे बघतच राहिली. मला स्वतःचा असा संताप आला की सांगता सोय नाही. मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी करायला नाशिकहून एवढ्या लांब आलेली मी, आणि सहा दिवस काय गिळतेय तेच मला माहीत नव्हतं!

नाशिकच्या सातपूर भागात आमच्या घराजवळ एक डॉक्टर आहेत. ते सुट्ट्या गोळ्या कागदाच्या पुड्यांत बांधून देतात, वर फक्त सकाळ-दुपार-संध्याकाळ लिहितात. औषधाचं नाव कधीच नाही. मी निघताना पप्पांनी त्यांच्याकडून तापाच्या वीस पुड्या आणून माझ्या बॅगेत भरल्या.

नोव्हेंबरात ताप आला. युनिव्हर्सिटीच्या दवाखान्यात आठ दिवसांनंतरची वेळ मिळाली. कॅम्पसच्या भिंतीभिंतीवर 'आमच्याशी बोला' अशी गोड पोस्टरं होती, बोलायला गेलं की आधी फॉर्म भरा! लॅब चुकवायची हिंमत नव्हती. हजेरी घसरली की व्हिसावर गदा, ही धास्ती आम्हा परदेशी मुलांना कायमच असते. म्हणून रोज तीन पुड्या घेत लॅबला जात राहिले. ताप उतरेना, तेव्हा दुकानातून पॅरासिटामॉल आणून तीही सुरू केली. जेवण जवळजवळ बंद होतं. सहाव्या दिवशी उलट्या थांबेनात. फ्लॅटमधल्या नायजेरियाच्या अमाकाने मला किचनच्या फरशीवर बघितलं आणि सरळ टॅक्सीत घातलं.

दुकानातल्या पॅरासिटामॉलचं सांगितल्यावर हॉस्पिटलने लगेच अॅसिटिलसिस्टीनचं सलाइन लावलं. जास्त झालेल्या पॅरासिटामॉलवर तो उतारा असतो. पण पुडीतल्या गोळ्यांनी आणखी काय बिघडवलंय, हे त्यांची नावं कळल्याशिवाय डॉक्टरला ठरवता येईना. मी पप्पांना फोन करून नावं विचारायला सांगितलं. तासाभराने त्यांचा फोन आला.

"अगं, विचारलं मी त्यांना. साधीच तापाची गोळी आहे म्हणाले."

"पप्पा, नाव पाहिजे!"

"डॉक्टरांना असं खोदून खोदून कसं विचारायचं? त्यांना वाईट वाटेल."

माझं लिव्हर जायला आलंय आणि ह्यांना पडलीय डॉक्टरांच्या वाईट वाटण्याची! मी ओरडले, रडले, बापाला बोलू नये ते बोलले. शेजारच्या बेडवरच्या बाईने घाबरून नर्सला बोलावलं.

दुसऱ्या दिवशी पप्पा दवाखान्यात जाऊन बसले आणि नावं लिहून मिळेपर्यंत उठले नाहीत. चिठ्ठीचा फोटो आला. पांढऱ्या गोळीत पॅरासिटामॉल. पिवळीत वेदनाशामक आणि पुन्हा पॅरासिटामॉल. गुलाबी म्हणजे स्टेरॉइड, सूज आणि ताप वरवर दाबणारं औषध. दुकानातली गोळी धरली तर एकच औषध मी तीन वाटांनी पोटात ढकलत होते.

चार दिवसांनी आकडे उतरायला लागले. लिव्हर वाचलं. अमाका रोज मऊ भात करून आणायची, तिचे उपकार फिटणार नाहीत. बाहेरगावी शिकायला निघालेल्यांनो, पाकिटावर नाव नसेल ते औषध बॅगेत घेऊ नका. विचाराल तर लोक उद्धट म्हणतील. म्हणू द्या.

उन्हाळ्यात घरी आले, तर पप्पा पेढे घेऊन मला त्याच डॉक्टरांकडे घेऊन गेले. का, तर त्यांनी नावं दिली म्हणून आभार मानायचे! दवाखाना भरलेला होता.

डॉक्टर हसले. "काय गं, झालीस ना ठणठणीत? उगाच सगळ्यांना घाबरवलंस."

माझं डोकंच फिरलं. "सर, तीन नावं लिहायला तुम्हाला दोन दिवस लागले. तेवढ्यात मी मेले असते."

"ऋतुजा, अगं..." पप्पा पुटपुटले.

"तुम्ही मध्ये बोलू नका, पप्पा. परत ह्यांच्याच पाया पडायला आणलंत मला?"

पेढ्यांचा बॉक्स पप्पांच्या हातातच राहिला.

पुढचा नंबर दिंडोरीकडून आलेल्या एका बाईचा होता. मांडीवर तापाने फणफणलेली लेक. डॉक्टरांनी तिच्यापुढे पुड्या सरकवल्या. तिने हात पुढे केला नाही.

"आधी ह्याच्यात काय हाय ते लिवून द्या," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पेन उचललं.