साडूंनी पाठवलेली बातमी

काळजी करण्यात माझ्या थोरल्या साडूंचा हात धरेल असा माणूस निदान जालना जिल्ह्यात तरी अजून जन्मलेला नाही. इतर लोक मुलांच्या नोकरीची करतात, गुडघ्यांची करतात, पावसाची करतात. साडू हे सगळं सकाळच्या चहाबरोबर उरकून टाकतात आणि उरलेला दिवस आमच्या कॉलेजच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाची काळजी करतात. त्यातही संघ जिंकेल की हरेल, यापेक्षा दुसऱ्या दिवशी पेपरात काय छापून येईल याची जास्त. नोकरीही त्यांना स्वभावाला साजेशी मिळाली होती. नवीन जालन्यातल्या एका बियाण्याच्या कंपनीत, उगवणशक्ती तपासायच्या खात्यात ते तीस वर्षं होते. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागद गुंडाळून ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी उघडून किती उगवले ते बघायचं. बाकीचे लोक ठरलेल्या दिवशी उघडत. साडू रोज उघडत. अक्का, म्हणजे माझी मेहुणी, सांगते की जेवताना मधेच घास हातात धरून ते म्हणायचे, "सरकीला आज मोड दिसायला पाह्यजे व्हता."

ते स्वतः याच कॉलेजात शिकले. तेव्हा मुलांच्या संघात ते बारावे खेळाडू होते आणि तीन वर्षांत त्यांना एकदाच, चार मिनिटं, मैदानात उतरवलं गेलं. त्या सामन्याच्या बातमीत सगळ्यांची नावं आली, यांचं तेवढं राहिलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, पण ज्या आवाजात सांगितलं त्यावरून पुढच्या सगळ्या प्रकाराचा मला उलगडा झाला. पुढे मुलांचा संघ बंद पडला, कोर्टावर गवत माजलं. मग काही वर्षांपूर्वी एका नव्या सरांनी मुलींचा संघ उभा केला आणि तो चक्क जिंकू लागला. साडू नुकतेच निवृत्त झाले होते.

त्यांचा दिवस नगरपालिकेच्या वाचनालयाच्या ओट्यावर सुरू होतो. तिथे सगळे पेपर येतात. आमच्या संघाचे चाहते म्हणून जे काही आहेत ते तिथेच जमतात: साडू, एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, ज्यांना सगळे नुसतं बाई म्हणतात, अंकुशनगरच्या कारखान्यावर ऊस वजन करायच्या काट्यावर आयुष्य काढलेले एक गृहस्थ, आणि बँकेत जाण्याआधी अर्धा तास मी. साडूंच्या खिशात प्रयोगशाळेतली छोटी पट्टी असते. तिने ते बातम्यांची लांबी मोजतात. कबड्डीला चौदा सेंटिमीटर, कुस्तीला बावीस, आपल्याला तीन, असं ते जाहीर करतात, आणि वादाला तोंड फुटतं. बाईंचं म्हणणं असं की पोरींनी आधी विद्यापीठाचा चषक आणावा, मग पेपरवाले झक मारत छापतील. काटेवाल्यांचं म्हणणं की ज्या खेळात बॉल टोपल्यात टाकतात आणि टोपल्याला बूडच नसतं, त्याचं लोकांनी काय वाचावं. साडूंचं म्हणणं एकच: हे मुद्दाम चाललंय.

पुरावेही त्यांच्याकडे होते. एकदा आमच्या बातमीला मथळा आला, 'व्हॉलीबॉलमध्ये जालन्याच्या मुलींची चमक'. एकदा फोटो आला, त्यात उद्घाटनाला आलेल्या पुढाऱ्याचा फेटा एवढा विस्तारलेला, की मागच्या पाच मुलींपैकी दोघींचे नुसते हात दिसत होते. साडू पेपर घेऊन वार्ताहराकडे गेले. हे वार्ताहर पन्नाशीचे, शांत स्वभावाचे. स्टेशनजवळ त्यांचं फ्लेक्स छापायचं दुकान आहे आणि बातम्या हा त्यांचा जोडधंदा. त्यांनी ऐकून घेतलं आणि साडूंना समोरच्या हॉटेलातला चहा पाजला. तेव्हापासून साडू महिन्यातून दोनदा तक्रार घेऊन जातात आणि चहा पिऊन येतात.

पण छापून आलं नाही की त्यांचा जीव जितका जळतो, त्याहून जास्त तो छापून आल्यावर टांगणीला लागतो. मागे एका पेपरानं चांगली अर्धा रकाना भरून स्तुती केली. आम्हाला वाटलं, आता हा माणूस आठवडाभर हसत राहील. साडू पांढरेफटक पडले. इतकं लिहायला नको होतं, म्हणाले, आता पोरी हवेत जातील, नजर लागेल. त्या संध्याकाळी अक्काला त्यांनी त्या पेपरावरून मीठमोहऱ्या ओवाळायला लावल्या. अक्कानं ओवाळल्या, आणि मग त्याच पेपरावर भाजी निवडली.

सामना मात्र ते कधीच बघत नाहीत. कोर्टापर्यंत येतात आणि सायकल स्टँडच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहतात. बघितलं तर हरतील, अशी त्यांची समजूत नाही. बघवत नाही, एवढंच. बघायचं काम माझ्याकडे. मी दर दोन मिनिटांनी जाऊन स्कोअर सांगायचा आणि त्यांनी भिंतीला विचारायचं, "मंग? बराबर खेळून राह्यल्या ना?"

गेल्या हिवाळ्यात आमच्या मुली विद्यापीठाच्या अंतिम सामन्याला पोचल्या. सामना संभाजीनगरला, दुपारी चारला. वार्ताहरांनी साडूंना आधीच सांगून ठेवलं होतं की त्या दिवशी जिल्ह्याच्या पानावर वरची जागा मुलींसाठी राखून ठेवतो, पण पान सहाला जातं, बातमी त्याच्या आत पाहिजे. वार्ताहरांना स्वतःला एका लग्नाला जायचं होतं, म्हणून बातमी साडूंनीच पाठवायची ठरली. साडूंनी घरूनच मोबाइलवर दोन बातम्या लिहून आणल्या, एक जिंकल्याची, एक हरल्याची. हरल्याची जास्त चांगली उतरली होती.

सामना चारला सुरू झाला नाही. आधी पाहुणे यायचे होते, मग त्यांचं भाषण व्हायचं होतं. खेळ सुरू झाला तेव्हा पाच वाजून गेले होते. पण काय खेळल्या त्या मुली. आमची कॅप्टन घनसावंगीकडची, एका शेतकऱ्याची मुलगी, उंचीने बेताची, पण बॉल हातात आला की समोरच्या दोघी-तिघींना कळायच्या आत टोपलीखाली. चारपैकी तीन डाव संपले तेव्हा आपण बारा पॉइंटनी पुढे होतो. साडूंनी तिथेही एक भिंत शोधली होती, मी धावत तिकडे गेलो. सहाला तीन मिनिटं कमी होती. साडू मोबाइलवर दोन्ही बातम्या आळीपाळीनं उघडून बघत होते.

मी म्हणालो, "पाठवा बिनधास्त. बारा पॉइंटचं अंतर आहे, आता काय होतंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी काळजी करू नका म्हटलेलं त्यांनी ऐकलं असावं. "नक्की ना, पाव्हणे?" एवढंच विचारलं आणि जिंकल्याची बातमी वार्ताहरांना पाठवून दिली. मग, तेही पहिल्यांदाच, भिंतीकडे पाठ करून ते माझ्याबरोबर कोर्टाकडे आले.

शेवटच्या डावात दुसऱ्याच मिनिटाला कॅप्टनचा पाचवा फाउल झाला आणि नियमाप्रमाणे ती सामन्याबाहेर गेली. त्यानंतर काय झालं ते सांगताना मला अजून त्रास होतो. बॉल हातातून निसटत गेला, बारा पॉइंट विरघळत गेले. शेवटच्या क्षणी आमच्या एका मुलीनं टाकलेला बॉल कड्यावर दोनदा फिरला आणि बाहेर पडला. दोन पॉइंटनी हरलो. साडू खाली बसले, आणि बसल्या बसल्या वार्ताहरांना फोन लावू लागले. वार्ताहर वरातीत होते. बँडच्या आवाजात त्यांना फोन ऐकू आला नाही. आम्ही जालन्याला परतेपर्यंत साडूंनी एकवीस वेळा फोन लावला. शेवटी शेवटी तो बंदच येऊ लागला, आणि पान तर केव्हाच गेलं होतं.

सकाळी सातला साडू माझ्या दारात उभे. पेपर शर्टाच्या आत लपवलेला, जणू तो एकच छापला होता. 'जालन्याच्या मुलींनी मैदान मारलं', पाच रकाने, वर मोठा फोटो, सगळ्या मुली पूर्ण दिसत होत्या. या वेळी त्यांनी पट्टी काढली नाही.

वाचनालयाच्या ओट्यावर बाई आणि काटेवाले पेढ्यांचा पुडा घेऊन बसले होते आणि इतकी मोठी बातमी चौथ्या पानावर का, पहिल्या पानावर का नाही, यावर भांडत होते. हरल्याची बातमी आपणहून कुणी फिरवत नाही. संघाबरोबर गेलेल्या सरांनी फोन बंद ठेवला होता. साडूंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा बाईंनी त्यात पेढा घातला. मीही गप्प राहिलो, आणि त्याची लाज मला अजून वाटते. स्पर्धेचा बक्षीस समारंभ संभाजीनगरला त्या सकाळी होता, मुली दुपारच्या गाडीनं येणार होत्या. स्वागताला हलगीवाले सांगितलेत, असं काटेवाले म्हणाले.

दुपारी फलाटावर चाळीसेक माणसं होती. हार होते, हलगी होती, वार्ताहर कॅमेरा घेऊन हसत उभे होते. वरातीनंतर त्यांनी मोबाइल बंद केला होता तो तसाच होता. गर्दीच्या कडेला पांढरा शर्ट-पायजमा घातलेला, डोक्यावर टोपी असलेला एक माणूस पेपराची घडी छातीशी धरून उभा होता. पोरींचा डबा कोणता, असं त्यानं मला विचारलं. घनसावंगीहून सकाळच्या पहिल्या जीपनं आला होता. कॅप्टनचा बाप. लेकीचा खेळ त्यानं कधी पाहिला नव्हता. पेपरात फोटो बघितला आणि तसाच निघाला.

साडूंनी हे ऐकलं. ते फलाटावरच्या बाकावर चढले. त्यांना मोठ्यानं बोलताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

"पोरी हारल्या," ते म्हणाले. "दोन पॉइंटनं. बातमी मी दिल्ती. सामना संपायच्या आधी दिल्ती. चुकी माझी हे, पेपरवाल्याची न्हाई."

माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी बाकाजवळच उभा होतो.

हलगी थांबली. काही लोक हसले, काही निघून गेले. काटेवाले चिडून वार्ताहरांवरच घसरले, तुम्ही खात्री कशी केली नाही म्हणून. वार्ताहरांनी कॅमेरा पिशवीत घातला. त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं की संध्याकाळपर्यंत आपलं पेपरचं ओळखपत्र काढून घेतलं जाणार, हे त्यांना कळलंय. साडू बाकावरून उतरून त्यांच्याकडे गेले आणि म्हणाले की मोठ्या ऑफिसात मी तुमच्याबरोबर येतो, जे काय लिहून द्यायचं ते मी देतो. बाई मात्र हार हातात घेऊन जागच्या हलल्या नाहीत.

गाडी आली. मुली लगेच उतरेनात. त्यांनी मोबाइलवर पेपर पाहिला होता आणि खिडकीतून गर्दी पाहिली होती. शेवटी कॅप्टन उतरली, हातात उपविजेत्यांचा छोटा चषक, आणि समोर बाप दिसल्यावर तिला रडू फुटलं. हरल्याचं नाही, बाप खोट्या बातमीवर एवढ्या लांब आला, याचं.

बाप गोंधळला. "दोन पॉइंट म्हंजे लय असतेत का?" त्यानं विचारलं.

"न्हाई बाबा. एक बास्केट."

"एकच?" त्यानं तिच्या हातातला चषक घेतला, उलटासुलटा करून बघितला. "मंग जवळच आल्ती की."

बाईंनी तिच्या गळ्यात हार घातला. हलगीवाल्यांनी वाजवू का म्हणून विचारलं, आणि कुणीच नाही म्हटलं नाही. साडू तेव्हा लांब उभे राहून चष्मा पुसत होते. कॅप्टनचा बाप त्यांच्याकडे गेला तेव्हा ते हात जोडू लागले. बाप म्हणाला की तुमची बातमी नसती तर मी आलोच नसतो, आणि छातीशी धरलेली पेपराची घडी खिशात ठेवली.

साडू त्याच संध्याकाळी वार्ताहरांबरोबर गेले. ओळखपत्र राहिलं. दोन दिवसांनी आतल्या पानावर दोन ओळींचा खुलासा आला, साडूंच्या पूर्ण नावासह. पेपरात त्यांचं नाव आलं ते आजवर तेवढंच. अक्कानं तो तुकडा कापून देवघराच्या फळीवर ठेवलाय. त्या फलाटावर मी जे बोलायला हवं होतं, की चूक माझीही होती, ते मात्र महिनाभरानं साडूंना बोललो. ते म्हणाले, "जाऊ द्या. तुम्ही खरं समजूनच बोलल्ते."

यंदा कॉलेजचा संघ पुरा झाला नाही. चौघी पास होऊन गेल्या, सरांची बदली झाली. ओट्यावर वाद होतात, पण कशावर करावेत ते कुणाला नीटसं सुचत नाही. कॅप्टन आता दूरच्या एका आश्रमशाळेत खेळ शिकवते. तिनं साडूंना परवा एक फोटो पाठवला: मोकळं रान, एक लोखंडी खांब, त्याला वाकडं कडं आणि खाली अनवाणी उभ्या सात-आठ चिमुरड्या, सगळ्यांची तोंडं वर. साडूंनी तो मला दाखवला. मग बराच वेळ, एकेक अक्षर शोधत, उत्तर लिहिलं: ऊन लय हे, पोरींना पाणी पाजत जा. पाठवलं, आणि मोबाइल पालथा घालून मांडीवर ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला.

"पाव्हणे," ते म्हणाले, "वाचलं असंल ना तिनं?"